जीपचा मांडव

१

दुपारची भांडी उरकली की सारजा शेंगांचं सूप घेऊन ओट्यावर बसायची. शेंगा फोडणं हे आपलं निमित्त. लासुर्ण्याच्या त्या आळीत कुणाकडं कोण आलं, काय घेऊन आलं आणि जाताना तोंड कसं करून गेलं, हे त्या ओट्यावरून नीट दिसायचं. आणि सारजाच्या मते हे कुणीतरी बघायलाच हवं होतं, नाहीतर माणसं मोकाट सुटली असती.

समोर हिंदुरावांचं अंगण. हिंदुरावांची बायको प्रयागबाई ही सारजाची आक्का. नात्यानं नव्हे, शेजारानं. पण सारजाच्या दोन्ही बाळंतपणांत चुलीपुढं बसली ती हीच. रोज दुपारी आक्का पदर कमरेला खोचून, रस्त्यातूनच मोठ्यानं हसत यायची. "सारजे, मिसरी काढ!" अशी हाळी घालायची, की कोपऱ्यावरची कुत्री उठून बसायची. साठीला टेकलेली बाई, सासू-सासरे जाऊन कैक वर्षं झालेली. तिला आता कुणाचा धाक म्हणून नव्हता.

हिंदुराव कारखान्यात फिटर होते. निवृत्त झालेल्या माणसानं पारावर बसावं, पत्ते कुटावेत, निदान आजारी तरी पडावं. यांनी काय करावं, तर सरकारी लिलावातली जुनी जीप आणली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात ती जीप घेऊन ते डाळजला उजनी धरणाचं पाणी बघायला गेले आणि येताना डोक्यात नवं खूळ घेऊन आले.

"वैनी, पुण्याची मंडळी आलती तितं. पाखरं बघायला."

"का? पुण्यात कावळं संपलं व्हय?"

"अवो, पाखरांचं ऱ्हाऊ द्या. त्यांच्या गाडीला बाजूनं छपरी हुती. टपावर गुंडाळल्याली. ओढली की आली भायेर, दोन काठ्या टेकवल्या की सावली. खाली खुर्च्या, स्टो, चहा. ऑनिंग म्हणत्यात त्येला."

"आन आपल्यात मांडव म्हणत्यात," सारजा शेंग फोडत म्हणाली. "घरावर छप्पर हाय न्हवं तुमच्या? का ते बी लिलावात काढलं?"

आक्का पोट धरून हसली. हिंदुरावांना राग आला नाही, तो त्यांना कधीच यायचा नाही. माणसाचा हाही एक दोषच, असं सारजाला वाटायचं.

"हिलाच न्यायचंय," ते बायकोकडं बोट करून म्हणाले. "माहेर आन बाजार सोडून ही कुठं गेली न्हाय. पाण्याकडंला दोन दिस ऱ्हायचं."

त्यावर आक्कानं तोंडाला पदर लावला आणि म्हातारी लाजली. सारजानं मान फिरवून घेतली. लाजायचं वय तरी बघावं माणसानं.

ताडपत्री घ्यायला बारामतीला सारजाही गेली. कुणी बोलावलं नव्हतं. पण हिंदुरावांना दुकानदारानं गुंडाळलं असतं, आणि ते बघायला आपण नसणं तिला परवडलं नसतं. दुकानदारानं आधी निळं प्लास्टिक काढलं. "हलकं हाय, पावसाला चांगलं."

"याच्याखाली बसलं तर माणूस वाफेवर शिजंल," सारजा म्हणाली. "आन वाऱ्यात असं फडफडंल की पाखरं राज्य सोडून जातील."

मग पांढरं आलं. त्याच्या चकाकीनं डोळे दुखतील, असं हिंदुरावच म्हणाले. शेवटी जाड सुती कॅनव्हास निघाला, हिरवट, वजनानं एका माणसाला न पेलणारा. ऊन अडवतो, खाली गारवा राहतो. फक्त भिजला तर वाळवल्याशिवाय गुंडाळायचा नाही, एवढंच पथ्य. हिंदुराव त्याच्यावर हात फिरवत उभे राहिले. नवरीला शालू दाखवावा तसं तोंड झालं होतं त्यांचं.

२

पुढचे काही दिवस अंगणात नुसती ठोकाठोक. टपावरच्या कॅरियरला पट्ट्या लावून त्यात पाइप बसवला. कापडाच्या एका कडेला नेफा शिवून तो पाइपवर चढवला, दुसऱ्या कडेच्या नेफ्यातही पाइप घातला, म्हणजे कड ताठ राहील.

"परकराला घालत्यात तसला नेफा," सारजा ओट्यावरून म्हणाली. "आता नाडी तेवढी राहिली."

नाडीही आली. दोन खांब, चार दोऱ्या, लोखंडी खुंट्या. पहिल्यांदा ताणलं तेव्हा कापड मधे पोटासारखं लोंबलं. दुसऱ्यांदा वारा खालून शिरला आणि खांब उडून कोंबड्यांच्या खुराड्यावर पडला. तेव्हा हिंदुरावांना कळलं की पाठ वाऱ्याकडं करून गाडी लावावी, खुंटी सरळ न ठोकता तिरकी ठोकावी आणि एक खांब जरा बुटका ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही. ही तीन वाक्यं त्यांनी अख्ख्या आळीला ऐकवली. शाळेतल्या मास्तरांनाही.

मांडव धड उभा राहिला त्या दिवशी आळीतल्या बायका जमल्या. इतकं झाल्यावर सारजाला गप्प बसवेना. ती उठली, लिंबाचा डहाळा मोडला, फडक्यात सुपारी बांधली आणि बाहेरच्या खांबाला दोन्ही बांधून वर हळदीचं बोट ओढलं.

"झाली मुहूर्तमेढ!" ती म्हणाली. "आता वऱ्हाडाला आवतण नको व्हय?"

बायका खिदळल्या. सारजानं कमरेवर हात ठेवले, गावाकडं पाठ केली आणि रिकाम्या माळाकडं तोंड करून हाळी दिली: "ज्यांना कुणी म्हणून बोलवत न्हाय, त्यांनी आधी या! पोटभर जेवा! आमची आक्का वाढणार हाय!"

बायकांचं हसणं चढत गेलं आणि मधेच थांबलं.

"असलं म्हणू नये गं," आक्का म्हणाली.

"का? जेवाण पुरायचं न्हाय का तुझं?"

हिंदुराव खुंटीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "दोरी ढिली वाटती का हो वैनी?"

३

दुसऱ्या दिवशी आक्का मिसरीला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जीपच्या मांडवाखाली घोंगडं टाकून ती बसलेली ओट्यावरून दिसत होती. नवं खेळणं मिळालं की पोरं शेजार विसरतात, तशातलाच प्रकार, असं म्हणून सारजानं शेंगा जरा जोरानं फोडल्या.

पण बघता बघता तिला काहीतरी खटकायला लागलं. काय ते आधी कळेना. भात नीट दिसावा पण खडा लागावा, तसं.

मग कळलं. आक्काच्या डोक्यावर पदर होता.

साधा टाकलेला नव्हे. कपाळापर्यंत ओढलेला, एका हातानं हनुवटीपाशी धरलेला, नवी सून सासऱ्यांपुढं धरते तसा. ती उठली, मांडवातून बाहेर आली, उन्हात आल्याबरोबर पदर खांद्यावर घेतला, घरातून तांब्या आणला. मांडवाच्या कडेशी थांबली. पुन्हा पदर डोक्यावर. मग आत वाकून शिरली.

ऊन लागत असेल, सारजानं स्वतःला सांगितलं. पण ऊन बाहेर होतं आणि पदर सावलीत.

ती रस्ता ओलांडून गेली. "आक्का, कुणाचं लगीन जमलं गं? तुझंच का?"

"हळू बोल," आक्का म्हणाली. ती हाळी घालणारी बाई! आवाज असा, की सारजाला वाकून ऐकावं लागलं.

"कोण झोपलंय हितं?"

"कुणी न्हाय." आक्का बाजूला सरकली, जीपच्या मागच्या चाकाकडं पाठ होऊ नये अशा बेतानं. "बस की. हिकडं बस. तिकडं नगं."

सारजा बसली. खाली खरंच गार होतं, कॅनव्हासचे पैसे पुरेपूर वसूल. वर कापड हलत होतं. हळूच आत ओढलं जायचं, हळूच सुटायचं. सुर्र. पुन्हा सुर्र. लग्नात मागच्या पंगतीला बसलेली माणसं आमटीचे भुरके मारतात, तसला हलकट आवाज. वाऱ्यानं होणार, दुसरं काय! तिनं समोरच्या लिंबाकडं बघितलं. लिंबाचं पान हलत नव्हतं.

खालचा वारा वेगळा असतो, वरचा वेगळा. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं कळतं.

ती घरी आली. ओट्याची पायरी चढताना तिच्या लक्षात आलं, आपलाही पदर डोक्यावर आहे. तो कधी घेतला, ते काही आठवेना.

४

जेवणाची गोष्ट तिला उशिरा कळली, आणि त्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. एवढं डोळ्यात तेल घालून बसायचं आणि मुद्द्याचं हातून निसटायचं!

झालं असं की पंधरा दिवसांतच आक्काच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. भरल्या हाताची बाई, तिच्या मनगटाचं हाड दिसत होतं. हिंदुराव म्हणाले, इंदापूरच्या डॉक्टरनी रक्त कमी सांगितलं, टॉनिक दिलंय.

"जेवती का नीट?"

"जेवती की! एवढं मोठं पातेलं रांधती रोज. मला वाढून ती खाली मांडवात घेऊन जाती. म्हणलं तुमी दोघी जेवताय."

सारजा तिथं जेवत नव्हती. संध्याकाळी तिनं रस्ता ओलांडून, भिंतीआडून आक्काच्या परसात नजर ठेवली. आक्कानं मांडवातून पातेलं आणलं, ते काठोकाठ तसंच होतं. म्हशीपुढं ओतलं. म्हशीनं हुंगलं, मान फिरवली आणि दावं ताणून लांब उभी राहिली.

सारजा भिंतीवरून ओरडलीच. "काय चाललंय हे? जेवत का न्हाईस तू?"

आक्कानं चोरी पकडल्यासारखं बघितलं. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "माणसं जेवत असताना वाढणाऱ्या बाईनं बसायचं व्हय गं? सगळ्यांचं झालं की बसीन."

"कुठली माणसं? कवा व्हायचं त्येंचं?"

"एकांचं होतंय तवर दुसरी येत्यात," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. दमणूक होती, लग्नघरातली.

त्या रात्री सारजानं नवऱ्याला, झुंबररावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारपणी बायांचं होतंय असं. तू कशाला नाक खुपसतीस?" सारजालाही ते पटलं. पटवून घेतलं. खांबाला लिंबाचा डहाळा बांधला, दोन शब्द चेष्टेनं बोलले, तेवढ्यानं कुणी येत असतं तर मतं मागायला येणाऱ्यांच्या सभांना गर्दी झाली असती. बाईचं डोकं फिरलंय, एवढाच त्याचा अर्थ. पण डोकं फिरलेली का असेना, ती उपाशी होती. असंच चाललं तर पाऊस पडेपर्यंत ती राहणार नव्हती, हे कळायला डॉक्टर नको होता.

सकाळी जाऊन तिनं हिंदुरावांना सांगितलं, "गुंडाळा हे लुगडं. आन आक्काला कुठंतरी न्या."

"तेच ठरवलंय," हिंदुराव खुलून म्हणाले. "उद्याच निघतो डाळजला. मोकळ्या हवंत भूक लागंल. मांडव तितंच लावू."

सारजानं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "मी बी येती."

५

आक्कानं सामान बांधलं ते जीपमध्ये मावेना. मोठं पातेलं आमटी, बासनभर भाकरी, आणि पत्रावळ्यांची एक चळत, तिघांना वर्षभर पुरेल एवढी.

"एवढ्या कशाला?" हिंदुरावांनी विचारलं.

"असू द्यात," आक्का म्हणाली.

लोणी देवकरावरून हमरस्त्याला लागले. टपावर कापडाची गुंडाळी होती, बंद, आणि आक्काच्या डोक्यावर पदर नव्हता. ती काचेतून बाहेर बघत होती; एकदा तर उसाच्या ट्रॉलीवर झोपलेल्या माणसाला बघून जुन्यासारखी हसली. सारजानं दशमी काढून तिच्या हातात दिली. आक्कानं ती तोंडापर्यंत नेली, वर टपाकडं बघितलं आणि परत फडक्यात ठेवली.

डाळजजवळ पाणी मागं गेलं होतं. भेगाळलेली जमीन, झाड एक नाही, लांब पाण्यात पांढरी पाखरं एका पायावर उभी. याच्यासाठी पुण्याहून येतात, म्हणे. सारजाच्या दारात कोंबड्या दोन पायांवर उभ्या राहायच्या, त्यांना कुणी विचारत नव्हतं.

हिंदुरावांनी गाळ टाळून मुरमाची जागा शोधली, वाऱ्याकडं पाठ करून जीप लावली, पूर्वेच्या बाजूला मांडव ओढला. खुंट्या तिरक्या ठोकल्या, वर दगड ठेवले. कापड ढोलासारखं ताणलं गेलं. काम फक्कड झालं होतं. हे मात्र सारजालाही म्हणावं लागलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

आक्का पदर ओढून आत शिरली. पत्रावळ्या मांडायला लागली. एक, तिच्या शेजारी एक, शेजारी एक. मांडवाची जागा संपली तशी वळून दुसरी ओळ.

हिंदुराव चुलीला दगड बघायला पाण्याकडं गेले. सारजा उन्हात एका धोंड्यावर बसली. आत जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. डोकं ठिकाणावर असलेल्या एका माणसानं बाहेर असावं.

ऊन कलत होतं. सावली मांडवाखालून सरकून तिच्याकडं, उघड्यावर आली होती. सारजा बघत बसली. बघणं हेच तर तिचं काम.

सावलीची कड सरळ नव्हती.

तिनं वर बघितलं. कापडाची कड नेफ्यातल्या पाइपनं ताठ, पट्टीनं आखल्यासारखी. तिनं खाली बघितलं. जमिनीवरच्या सावलीच्या कडेला डोक्यांएवढे गोल गोल उंचवटे होते, एकाशेजारी एक. जमीन उंचसखल असणार. तिनं हात लावून बघितला. जमीन सपाट होती.

सुर्र, वर कापड वाजलं.

उंचवट्यांतला एक खाली वाकला. घास घेतल्यासारखा. मग वर झाला. मग त्याच्या शेजारचा.

सारजा उठली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त कडेकडेनं नजर पुढं नेली, ओळ कुठं संपते ते बघायला. मांडव जीपएवढा. ओळ मांडवापुढं गेली होती, मुरूम सोडून गाळावर, गाळ सोडून पाण्यापर्यंत. आणि दर उंचवट्यामागं दुसरा होता, उभा, पुढची जागा रिकामी व्हायची वाट बघत.

आत आक्का वाकून वाढत होती. पळी ती दोन्ही हातांनी उचलत होती. ती मधेच खाली टेकली, एका हातानं जमीन धरली, पुन्हा उठली. हे उठणं आता फार वेळा जमणार नव्हतं.

६

सारजाला आधी आला तो संताप. फुकटखाऊ मेले! बसायची रीत न्हाय, उठायची शुद्ध न्हाय, वाढणारी बाई मरायला टेकलीय ते कुणाच्या डोळ्याला दिसत न्हाय. असली वऱ्हाडं तिनं पुष्कळ बघितली होती.

ती तरातरा गेली आणि वाकून आत शिरली.

"सर आक्का. पळी दे हिकडं."

"तुला न्हाय झेपायचं सारजे. लई हायेत."

"दे म्हणते ना! ऐका रं सगळ्यांनी. आता वाढणारी मी. हिला जाऊ द्या."

कापडाचा आवाज थांबला. ताणलेल्या दोऱ्या, खांब, सगळं गप्प. काहीतरी तिच्याकडं वळून बघत असावं, असं तिच्या मानेला वाटलं, एका बाजूनं नव्हे, सगळ्या बाजूंनी. मग पुन्हा सुर्र झालं आणि आक्काच्या हातातली पळी अलगद सुटली.

आक्का बाहेर गेली. उन्हात आली तसा पदर खाली पडला. ती डोळे बारीक करून उभी राहिली, खूप वेळानं जाग आल्यासारखी, आणि मग मटकन धोंड्यावर बसून तिनं फडकं सोडलं. दशमी दोन घासांत गेली. भाकरी मोडली. चटणी सांडली, ती बोटानं उचलून खाल्ली. खाताना रडत होती आणि मधेच हसत होती.

हिंदुराव दगड घेऊन आले आणि जागच्या जागी थांबले. "वैनी, वैनी बघा! म्हणलं न्हवतं मी? मोकळी हवा!"

चांगलं झणझणीत उत्तर सारजाच्या जिभेवर होतं. ते बाहेर आलं तेव्हा इतकं हळू आलं, की तिचं तिलाच ऐकू गेलं नाही.

"सारजे, ये की गं जेवायला!" आक्कानं हाळी दिली. पाण्यावरची पाखरं दचकून उडाली. तो आवाज ऐकून सारजा अर्धी वळलीही. ती जाणारच होती. ही एवढी ओळ झाली की.

पंगतीत पोट भरलं की माणूस पानावर आडवा हात धरतो. पुरे, वाढू नका. सारजानं पदर कपाळापर्यंत ओढला आणि पळी धरून थांबली, एखादा तरी हात आडवा येतोय का बघत.

मग ती वाकून पुढच्या पानाकडं सरकली.